पेन ड्राइव्ह एक, नावं दोन

प्रश्न : ताई, माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलसाठी तिला लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम) हवं होतं. घरात लॅपटॉप एकच, २०१९ साली घेतलेला. माझ्या पोळीभाजी केंद्राचा हिशोबही त्यावरच असतो. सोसायटीतल्या एका मुलाने विंडोजमधूनच साठ जीबी जागा मोकळी केली, मग सेटिंगमध्ये जाऊन 'सिक्युअर बूट' बंद केलं, 'लेगसी' चालू केलं आणि उबुंटू नावाचं लिनक्स टाकलं. उबुंटू चालतंय, पण विंडोजचं नाव कुठेच दिसत नाही. त्याने लेगसी काढून पाहिलं, तर निळा पडदा आला आणि ४८ आकडी किल्ली मागू लागला. असली किल्ली मला कुणी कधी दिलेली नाही. माझा पाच वर्षांचा हिशोब गेला का?
— एक वाचक, धायरी

उत्तर : तुमच्या पत्रावरून तरी हिशोब गेलेला दिसत नाही. मात्र तो जाऊ शकतो, म्हणून आधी एवढंच करा : लॅपटॉप बंद करून ठेवा आणि 'फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतो' असं कुणीही म्हणालं तरी हो म्हणू नका.

आता शांतपणे बसा. लॅपटॉप सुरू करताना एफ २ किंवा डिलीटचं बटण पटापट दाबत राहा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं). सेटिंगचा पडदा उघडला की बूट मोड 'यूईएफआय' करा, सिक्युअर बूट परत चालू करा, एफ १० दाबून सेव्ह करा. त्या मुलाने लेगसी काढलं तेव्हा सिक्युअर बूट बंदच राहिलं असणार. तेही पूर्वीसारखं झालं, की बहुतेक वेळा विंडोज किल्ली न मागता उघडतं.

असं का होतं ते सांगते. तुमच्या लॅपटॉपची डिस्क विंडोजने कुलूपबंद केलेली आहे. घरगुती विंडोजमध्येही हे कुलूप अनेकदा आपोआप लागतं, कुणी विचारत नाही. त्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. मशीन नेहमीच्या पद्धतीने सुरू झालं तरच ती चिप किल्ली देते. सिक्युअर बूट बंद दिसलं, की तिला वाटतं कुणी परक्याने हात घातलाय, आणि ती किल्ली देत नाही. मग विंडोज तुमच्याकडे ४८ आकडे मागतं. सगळं होतं तसं केलं, की चिपची समजूत पटते.

विंडोज उघडलं की पहिलं काम हिशोबाची प्रत पेन ड्राइव्हवर घेण्याचं. दुसरं, ती किल्ली शोधून कागदावर उतरवण्याचं. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलाय त्या खात्यात, डिव्हाइसेसच्या यादीत, रिकव्हरी की म्हणून ती असते. कागद रेशनकार्डाच्या फाइलमध्ये ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नको.

खातं मात्र तुमचंच आहे ना, हे नीट पाहा. यावर मी एवढा जोर देते त्याला कारण आहे. २०२० मध्ये माझ्या भाच्याच्या लॅपटॉपवर मी स्वतः लिनक्स टाकायला घेतलं. मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पंचवीस वर्षं काढलेली, त्यामुळे विचारायला कुणाकडे जायचं हे मनातही आलं नाही. सवयीने सिक्युअर बूट बंद केलं आणि तोच निळा पडदा समोर आला. किल्ली शोधायला गेलो, तर खातं भाच्याचं नव्हतंच. दुकानदाराने विकताना 'सगळं सेट करून' दिलं होतं, ते कुठल्या तरी भलत्याच ई-मेलवर, आणि तो कोणता हे त्याला आठवेना. दोन दिवस आम्ही शक्य ते पासवर्ड टाकत बसलो. शेवटी विंडोज नव्याने टाकलं. त्याच्या आर्किटेक्चरच्या तीन वर्षांच्या ड्रॉइंग्ज त्यात होत्या. सिक्युअर बूट नुसतं परत चालू केलं असतं तर ती डिस्क बहुधा उघडली असती, हे मला चार महिन्यांनी कळलं. भाचा मला एका शब्दानेही बोलला नाही. म्हणून तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी हे उत्तर लिहायला बसले.

आता लेगसीबद्दल. त्या मुलावर रागावू नका. त्याने ऐकलेला सल्ला एके काळी बरोबर होता, आज तो नुकसान करतो.

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून बायोस होतं, म्हणजे मशीन सुरू होताना आधी चालणारा प्रोग्रॅम. 'लेगसी' म्हणजे हीच जुनी पद्धत. त्याची पद्धत साधी : डिस्कच्या अगदी सुरुवातीचे ५१२ बाइट वाचायचे आणि तिथे जे असेल ते चालवायचं. डिस्कवर कोण कोण राहतं हे त्याला कळत नाही. पेठेतल्या वाड्यात शिरून पहिल्या खोलीचं दार वाजवावं, तसं. इंटेलने आपल्या इटेनियम मशीनसाठी नवी पद्धत आणली, आणि २००५ पासून ती यूईएफआय या नावाने सगळ्यांची झाली. हिच्यात दारावर पाट्या असतात. डिस्कवर फॅट३२ चं एक छोटं पार्टिशन असतं, त्यात विंडोजचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा. मशीनच्या स्वतःच्या मेमरीत यादी असते : आधी कुणाला उठवायचं, नंतर कुणाला. तुमच्याकडे झालं ते असं, की विंडोज पाटी लावून राहतंय आणि उबुंटू लेगसीच्या रस्त्याने आत आलं. दोघांचे रस्ते वेगळे. म्हणून उबुंटूच्या यादीत विंडोज येत नाही आणि यूईएफआयच्या यादीत उबुंटू येत नाही.

सिक्युअर बूट आलं २०१२ मध्ये, विंडोज ८ बरोबर. मशीन सुरू होताना सही असलेलाच प्रोग्रॅम चालेल, असा नियम झाला, आणि कारखान्यातून भरून आलेल्या सह्या मायक्रोसॉफ्टच्या. लिनक्सवाल्यांची तेव्हा खरंच पंचाईत झाली. 'सिक्युअर बूट बंद, लेगसी चालू' हा मंत्र तेव्हाचा. पण लवकरच तोड निघाली. 'शिम' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला गेला. शिम म्हणजे सुतार चौकटीच्या फटीत मारतो ती पातळ पाचर. या पाचरीवर मायक्रोसॉफ्टची सही घेतली, आणि पुढचं सगळं लिनक्स त्या पाचरीच्या भरवशावर उभं राहतं. उबुंटूने हे २०१२ पासूनच आणलं; लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारांपैकी फेडोराने २०१३ च्या जानेवारीत, डेबियनने २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीत. त्यामुळे यातलं काहीही टाकताना आज सिक्युअर बूट बंद करावं लागत नाही. मंत्र मात्र तोंडोतोंडी चालूच राहिला. हल्लीच्या कित्येक लॅपटॉपमध्ये तर लेगसी हा पर्यायच उरलेला नाही.

मुलीला लिनक्स हवंच आहे, तर ते आता नीट टाकू. लेगसीतून टाकलेलं उबुंटू दुरुस्त करता येतं, पण त्यात तिचं अजून काही काम नसेल तर नव्याने टाकणं सोपं. विंडोजच्या मशीनवर रूफस या प्रोग्रॅमने उबुंटूचा पेन ड्राइव्ह बनवताना पार्टिशन स्कीम 'जीपीटी' आणि टार्गेट 'यूईएफआय' निवडा. मग चूक करायला जागाच राहत नाही, कारण असा पेन ड्राइव्ह लेगसीतून सुरू होत नाही. दुसऱ्या कुणी बनवलेला पेन ड्राइव्ह असेल तर मात्र एफ १२ दाबून येणारी यादी नीट वाचा. अनेक मशीनवर एकच पेन ड्राइव्ह तिथे दोनदा दिसतो. एका ओळीत नुसतं कंपनीचं नाव, दुसऱ्या ओळीत तेच नाव पण आधी 'यूईएफआय' आणि दोन ठिपके. माणूस वरची ओळ घेतो आणि एंटर मारतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे बिघडून आलेल्या निम्म्या ड्युअल बूटचं (एका मशीनवर दोन सिस्टिम) मूळ या एका एंटरमध्ये होतं. 'यूईएफआय' लिहिलेली ओळच निवडा.

खात्री करायची असेल तर उबुंटू न टाकता 'ट्राय' करून उघडा आणि फाइल्समध्ये मूळ फोल्डरातल्या 'सिस' मध्ये, त्यातल्या 'फर्मवेअर' मध्ये डोकवा. तिथे 'ईएफआय' नावाचा फोल्डर असेल तर तुम्ही बरोबर रस्त्याने आलात. नसेल तर तिथूनच परत फिरा.

इन्स्टॉलर जागेचं विचारेल तेव्हा मॅन्युअल पर्याय घ्या, कारण कुलूपबंद डिस्कवर तो आपण होऊन विंडोजशेजारी बसायला तयार होईलच असं नाही. जुन्या उबुंटूचं पार्टिशन काढा आणि त्याच जागेत नवं करा. इथे एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहा : १०० किंवा २६० एमबीचं छोटं फॅट३२ पार्टिशन दिसेल, पाट्यांचं पार्टिशन ते. वापरायचं तेच, पण त्याच्यापुढे 'फॉरमॅट' ची खूण असता कामा नये. ती राहिली तर विंडोजची पाटी पुसली जाईल. उबुंटूला तिथे फक्त काही एमबी लागतात, दोघं सुखाने राहतात.

वायफाय किंवा ग्राफिक्सचे बाहेरचे ड्रायव्हर घेतलेत तर इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगेल. रिस्टार्ट झाल्यावर एक निळा पडदा येईल आणि 'कुठलंही बटण दाबा' म्हणत दहा सेकंद मोजेल. हा किल्लीवाला पडदा नव्हे, याला घाबरू नका. त्या दहा सेकंदांत बटण दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, तो पासवर्ड द्या. नवीन ड्रायव्हरवरची तुमची स्वतःची सही मानायला तुम्ही मशीनला सांगताय, एवढाच त्याचा अर्थ. चहा ठेवायला उठलात आणि तो पडदा निघून गेला, तर लिनक्स चालेल पण वायफाय दिसणार नाही, आणि दोष लिनक्सवर येईल.

आणखी एक. विंडोज उघडायचं असेल तेव्हा ते सुरुवातीला काळ्या पडद्यावर येणाऱ्या उबुंटूच्या यादीतून उघडू नका. मधे शिम आलेली त्या चिपला कळते आणि ती पुन्हा ४८ आकडे मागू शकते. सुरू करताना एफ १२ दाबून थेट 'विंडोज बूट मॅनेजर' निवडा. मुलीलाही ही सवय लावा. आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असलं की शट डाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि त्याच्या डिस्कवर लिनक्सला फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही.

प्रश्न : उबुंटू व्यवस्थित टाकलं, शेवटी 'इन्स्टॉलेशन कम्प्लीट' आलं. पण लॅपटॉप दर वेळी सरळ विंडोजमध्येच जातो. तीनदा टाकून झालं. काय चुकतंय?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : टाकण्यात काही चुकत नाहीये, चौथ्यांदा टाकू नका. उबुंटू आत बसलेलं आहे, यादीत खाली आहे इतकंच.

सेटिंगच्या पडद्यात बूटचा क्रम पाहा. कित्येक मशीनवर तिथे दोन पातळ्या असतात : वर नुसत्या डिस्कची नावं, आणि खाली कोपऱ्यात वेगळ्या मेनूत त्या डिस्कवरच्या पाट्यांचा क्रम. बहुतेकांचा तो खालचा मेनू पाहायचा राहून जातो. तिथे 'उबुंटू' वर न्या. तिथे तसं करता येत नसेल तर एफ १२ ने उबुंटू उघडा आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो ईएफआयबूटएमजीआर' द्या (दोन्ही शब्द रोमन लहान लिपीत, दुसरा सलग). प्रत्येक पाटीपुढे चार आकडी क्रमांक दिसेल. तीच आज्ञा पुन्हा, पुढे वजा-ओ आणि स्वल्पविरामाने जोडलेले क्रमांक, उबुंटूचा आधी.

काही लॅपटॉप एवढ्यानेही ऐकत नाहीत. त्यातल्या काहींत सेटिंगला सुपरवायझर पासवर्ड घातला की 'विश्वासू फाइल निवडा' असा एक पर्याय जागा होतो. तिथून उबुंटूच्या फोल्डरातली शिमची फाइल निवडायची. तो पासवर्डही कागदावर लिहा, विसरलात तर तो निघता निघत नाही. काही मशीन मात्र विंडोजच्या नावाशिवाय दुसरं नाव वाचतच नाहीत. ही यूईएफआयच्या नियमांची सरळ पायमल्ली आहे, आणि पैसे मोजून घेतलेल्या मशीनने मालकाचं ऐकू नये याचा मला मनापासून राग येतो. तुमचं तसं निघालं तर मॉडेलचं नाव कळवा, कारण त्यावरचा उपाय मशीनगणिक वेगळा असतो आणि मी तो न पाहता छापणार नाही.

विंडोजचं मोठं अपडेट आलं की ते कधी कधी स्वतःला परत पहिल्या नंबरावर नेतं. तेव्हाही काही पुसलेलं नसतं, क्रम पुन्हा लावा.

प्रश्न : मॅडम, माझ्या नवीन लॅपटॉपवर इन्स्टॉलर सुरू होतो, पण त्याला डिस्कच दिसत नाही, फक्त पेन ड्राइव्ह दिसतो. मित्र म्हणतो एसएसडी खराब आहे. विंडोज तर मस्त चालतंय.
— डिप्लोमाचा विद्यार्थी, हडपसर

उत्तर : विंडोज त्याच एसएसडीवर चालतंय ना? मग ती खराब कशी असेल? तुझ्या मशीनमध्ये डिस्क इंटेलच्या 'आरएसटी' नावाच्या पडद्यामागे ठेवलेली असणार. सेटिंगमध्ये स्टोरेजपाशी 'रेड', 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' असं काहीसं दिसेल. ते 'एएचसीआय' करायचं किंवा व्हीएमडी बंद करायचं. उबुंटूची नवी आवृत्ती आधी वापरून पाहा, व्हीएमडी असेल तर तिला डिस्क अनेकदा तशीच दिसते.

पण ते सेटिंग लगेच बदलू नकोस. तसंच बदललंस तर विंडोज उघडणार नाही. क्रम असा ठेव : वर धायरीच्या ताईंना सांगितलेली ४८ आकडी किल्ली कागदावर. मग विंडोजला 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' मधून सेफ बूटची खूण करून रिस्टार्ट करायला सांग. त्या रिस्टार्टमध्येच सेटिंगमध्ये शिर आणि एएचसीआय कर. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल, नवा ड्रायव्हर स्वतःच उचलेल. ती खूण काढून टाक आणि पुन्हा रिस्टार्ट. सेफ मोडमध्ये चार आकडी पिन चालेलच असं नाही, तेव्हा खात्याचा पूर्ण पासवर्ड आधी आठवून ठेव. सेफ मोडच्या दारात पासवर्ड नसलेला मुलगा मी पाहिलेला आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री.

प्रश्न : माझा डेस्कटॉप २०१० चा आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्यावर चढत नाही. तपकीर गल्लीतून नवीन एसएसडी आणली आहे, रॅम ४ जीबी. या वयात लिनक्स झेपेल का? मला मुख्यतः मराठीत लेख लिहायचे असतात.
— एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : काका, नक्की झेपेल. तुमचं मशीन साध्या बायोसचं असेल, म्हणजे वरची सगळी यूईएफआयची चर्चा तुम्हाला लागू नाही. तुमच्यासाठी जुना रस्ताच बरोबर : रूफसमध्ये 'एमबीआर' निवडा आणि पूर्ण एसएसडी लिनक्सला देऊन टाका. फोटो आणि लेख असलेली जुनी डिस्क तेवढी त्या वेळी केबल काढून बाजूला ठेवा. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती ४ जीबीत आरामात चालते. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच, इनपुटच्या सेटिंगमधून तो जोडायचा. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट : लिनक्सवर देवनागरीसाठी वर्षानुवर्षं वापरला गेलेला 'लोहित' हा फाँट मुळात आपल्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीचा. पुढे तो रेड हॅट या लिनक्स कंपनीने सर्वांना खुला केला.

लेख लिहून झाला की मला जरूर पाठवा.

प्रश्न : लिनक्स वापरून विंडोज उघडलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. बॅटरी गेली का?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : बॅटरी ठीक आहे. मशीनच्या घड्याळात लिनक्स ग्रिनिचची वेळ लिहून ठेवतं, आणि विंडोज तीच भारतातली वेळ समजून वाचतं. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल', पुढे 'सेट-लोकल-आरटीसी' आणि १ एवढं द्या, हेही रोमन लहान लिपीत. मग विंडोजमध्ये वेळ एकदा बरोबर लावा.